औषधाची झोप आणि सुषुप्तीचा प्रश्न

प्रोमेथाझिन हे गुंगी आणणाऱ्या अँटिहिस्टॅमिन औषधांपैकी एक जुने आणि अजूनही सर्रास वापरात असलेले औषध आहे. ‘फेनरगन’ या नावाने ते अंगावर पित्त उठल्यावर, नाक गळत असताना, शस्त्रक्रियेच्या आधी आणि उलट्या थांबवण्यासाठी दिले जाते. त्याचाच एक क्षार ‘अ‍ॅव्होमिन’ या नावाने घाटात गाडी लागणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. या औषधाने झोप येते, हे ज्याला त्याला ठाऊक असते. ती झोप नेमकी कोणत्या जातीची, हा प्रश्न मात्र औषधशास्त्राच्या पुस्तकांत येत नाही. भारतीय दर्शनांनी झोपेला केवळ विश्रांती न मानता ज्ञानाविषयीचा एक पुरावा मानले, त्यामुळे हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो. श्रमाने येणारी गाढ झोप आणि आघाताने येणारी मूर्च्छा यांत वेदान्त्यांनी स्पष्ट भेद केला होता. गोळीने आलेली झोप या दोहोंपैकी कुठे बसवायची?

औषधाचा इतिहास फ्रान्समधला आहे. 1937 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी हिस्टॅमिनला अडवणारी पहिली संयुगे शोधली. ती विषारी असल्याने रुग्णांच्या उपयोगाची नव्हती, पण वाट सापडली. बोव्हे यांना 1957 चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पुढे चाळिशीच्या दशकात रोन-पूलांक कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनोथायझिन कुळातले प्रोमेथाझिन तयार केले. फ्रेंच नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी शस्त्रक्रियेच्या धक्क्यापासून रुग्णांना वाचवण्यासाठी औषधांची मिश्रणे करून पाहत होते. प्रोमेथाझिन दिलेले रुग्ण झोपाळू तर होतातच, शिवाय त्यांना स्वतःच्या दुखण्याबद्दलही एक प्रकारची उदासीनता येते, असे त्यांच्या लक्षात आले. हाच गुण अधिक असलेल्या संयुगाचा शोध सुरू झाला आणि डिसेंबर 1950 मध्ये क्लोरप्रोमाझिन जन्माला आले. 1952 मध्ये पॅरिसच्या मनोरुग्णालयांत त्याचा वापर सुरू झाला आणि आधुनिक मनोविकारचिकित्सेची दिशाच बदलली. सर्दीच्या औषधातून मनाचे औषध निघाले, ही घटना तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने किरकोळ नाही. तिच्याकडे पुढे परत यावे लागेल.

हिस्टॅमिन शरीरात हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून बनते. त्वचेत आणि श्वासमार्गात ते मास्ट पेशींमध्ये साठवलेले असते आणि अ‍ॅलर्जीच्या वेळी बाहेर पडून खाज, सूज, शिंका घडवते. हे काम ते एच-1 नावाच्या रिसेप्टरवर बसून करते. प्रोमेथाझिन त्याच रिसेप्टरची जागा धरते आणि त्याला निष्क्रिय स्थितीत अडकवून ठेवते, म्हणून खाज थांबते. पण एच-1 रिसेप्टर मेंदूतही आहेत आणि तिथे हिस्टॅमिनचे काम अगदी वेगळे आहे. हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात ट्युबरोमॅमिलरी नावाचे एक लहानसे केंद्र आहे. मेंदूच्या अब्जावधी पेशींपैकी केवळ काही दहा हजार पेशी तिथे हिस्टॅमिन बनवतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. माणूस जागा असताना या पेशी सतत संदेश सोडतात, झोप लागताना मंदावतात आणि गाढ झोपेत व स्वप्नांच्या झोपेतही गप्प होतात. व्हिएन्नाचे कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात झोपेच्या साथीने दगावलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा सतत झोपून राहणाऱ्यांमध्ये याच परिसरात इजा आढळली होती. तिथल्या हिस्टॅमिनच्या पेशी मात्र 1984 च्या सुमारास ओळखल्या गेल्या.

रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर जो पडदा आहे तो प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन, ‘अविल’मधले फेनिरामिन ही पहिल्या पिढीची औषधे सहज ओलांडतात, कारण ती चरबीत विरघळतात. फेक्सोफेनाडिनसारखी नंतरची औषधे तिथपर्यंत पोचलीच तर पडद्यातले प्रथिनांचे पंप त्यांना परत बाहेर ढकलतात. त्यामुळे खाज तेवढीच थांबते आणि झोप येत नाही. म्हणजे एकाच रिसेप्टरवर एकच क्रिया. ती त्वचेत घडली तर उपचार आणि मेंदूत घडली तर गुंगी.

प्रोमेथाझिन एवढ्यावर थांबत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवते. त्यातून तोंड कोरडे पडणे, नजर धूसर होणे, लघवी अडणे, वृद्धांमध्ये भ्रम होणे, हे सगळे येते. डोपामिनच्या रिसेप्टरवरही त्याचा थोडा परिणाम होतो आणि उलट्या थांबण्यामागे तेही एक कारण आहे. तोंडाने घेतल्यावर साधारण वीस मिनिटांत परिणाम जाणवू लागतो. यकृत बराचसा भाग आधीच मोडून टाकत असल्याने सुमारे चतुर्थांश औषधच अभिसरणात पोचते. जाणवण्याजोगा परिणाम चार ते सहा तास टिकतो, पण रक्तातली मात्रा निम्मी व्हायला दहा तासांहून अधिक वेळ लागू शकतो. रात्री घेतलेले औषध सकाळी संपलेले नसते ते याचमुळे.

आता वेदान्ताकडे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात मूर्च्छेवर एक स्वतंत्र सूत्र आहे. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि मरण या चारच अवस्था श्रुतीला माहीत आहेत. मग बेशुद्ध पडलेला माणूस कोणत्या अवस्थेत असतो? शंकराचार्यांचे त्यावरचे भाष्य एखाद्या वैद्याने लिहावे इतके बारकाईचे आहे. बेशुद्ध माणूस जागा नाही, कारण जागा माणूस देह सावरून धरतो आणि याचा देह कोसळतो. तो मेलेला नाही, कारण श्वास आणि ऊब आहे. तो झोपलेलाही नाही. झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, श्वास लयीत चालतो, डोळे मिटलेले असतात, आणि हाताने हलवले की तो उठतो. मूर्च्छित माणसाचा चेहरा विकृत दिसतो, देह थरथरतो, श्वास मधेच लांबतो आणि मुद्गराचे घाव घातले तरी तो उठत नाही. कारणेही निराळी: मूर्च्छा मुसळाच्या घावाने येते, झोप थकव्याने. शेवटी आचार्य मूर्च्छेला अर्धी संपत्ती ठरवतात, म्हणजे ब्रह्मात लीन होण्याची अर्धवट अवस्था, आणि तिलाच मरणाचे दारही म्हणतात.

प्रोमेथाझिन घेऊन झोपलेल्या माणसाला ही कसोटी लावली तर लक्षणे झोपेची निघतात आणि कारण मूर्च्छेच्या बाजूला पडते. चेहरा शांत, श्वास लयीत, हलवले तर जाग. पण ही झोप थकव्यातून आलेली नाही, ती बाहेरून घातलेली आहे. शंकराचार्यांनी लक्षण आणि कारण दोन्ही सांगितली, कारण त्यांच्यासमोरच्या उदाहरणांत ती एकत्रच येत होती. इथे ती फुटतात. तेव्हा निर्णायक काय मानायचे? भाष्याचा एकूण कल पाहता लक्षणांना अधिक वजन द्यावे असे वाटते. मुसळ आणि थकवा हे आधार लक्षणांच्या मागून जोडलेले आहेत. शिवाय प्रोमेथाझिन मुसळासारखे काम करत नाही. ते जागेपणाचा एक आधार काढून घेते आणि झोप ज्या दाराने रोज येते त्याच दाराने येते. पण मात्रा आणि देह बदलले की हा निवाडा टिकत नाही. दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊ नये अशी ठळक सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये लेबलवर घालायला लावली, कारण त्यांचा श्वास मंदावून मृत्यू ओढवले होते. तिथे औषधाची झोप सरळ मूर्च्छेच्या पलीकडच्या दाराशी नेते. एकाच द्रव्याने एका देहात सुषुप्ती आणि दुसऱ्यात मूर्च्छा येते, म्हणजे अवस्था द्रव्यात नसते. ती देहाने त्या द्रव्याला काय उत्तर दिले त्यात असते.

योगदर्शनाने या विषयात घातलेली भर जास्त उपयोगी आहे. पतंजलींनी झोपेला चित्ताची एक वृत्ती मानले, वृत्तींचा अभाव नव्हे. व्यासभाष्यात त्याला पुरावा दिला आहे तो जागे झाल्यावरच्या अनुभवाचा. कधी माणूस सुखाने झोपून प्रसन्न मनाने उठतो. कधी झोप अस्वस्थ होते आणि मन भटकत राहते. आणि कधी तो इतका गाढ, मूढ झोपलेला असतो की उठल्यावर अंग जड, चित्त थकलेले, जणू कोणी चोरून नेलेले. सत्त्व, रज आणि तम यांच्या या तीन झोपा. पहिल्या पिढीचे अँटिहिस्टॅमिन घेऊन झोपलेल्याची सकाळ तिसऱ्या वर्णनात जशीच्या तशी सापडते, आणि औषधशास्त्र त्याचे कारणही देते: औषध रक्तात शिल्लक आहे आणि एच-1 रिसेप्टर अजून व्यापलेले आहेत. या वर्गातली बरीच औषधे स्वप्नांची झोपही उशिरा सुरू करतात आणि कमी करतात. झोप किती तास झाली यावर तिची प्रत ठरत नाही, हे व्यासभाष्याचे म्हणणे झोपेच्या प्रयोगशाळांनी नाकारलेले नाही. चरकसंहितेनेही झोपेचे प्रकार कारणांवरून पाडले. त्यांत तमाने येणारी, कफाने येणारी, श्रमाने येणारी आणि बाहेरून येणारी आगंतुकी अशा झोपा वेगळ्या काढून रात्रीच्या स्वभावाने येणाऱ्या झोपेला प्राणिमात्रांची धात्री म्हटले. समर्थ रामदासांच्या दासबोधातही अठराव्या दशकात निद्रेवर एक अख्खा समास आहे, पण त्याचा रोख झोपाळूंच्या वागण्यावर आहे. अवस्थेच्या मीमांसेला त्याचा फारसा उपयोग नाही.

वादाचा खरा गाभा साक्षीत आहे. उठलेला माणूस म्हणतो की मी सुखाने झोपलो, मला काहीच कळले नाही. अद्वैती विचारतात, काही कळले नाही हे तुला आता कसे कळते? आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणजे गाढ झोपेतही अज्ञानाचा आणि सुखाचा अनुभव घेणारा कोणी तरी जागा होता. तोच साक्षी. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ती आठवण नसून अनुमान आहे: रात्र गेली, मधले काही आठवत नाही, तेव्हा ज्ञान नव्हते. नव्य नैयायिकांनी तर यंत्रणाही सांगितली. ज्ञान होण्यासाठी मनाचा त्वचेशी संयोग लागतो आणि गाढ झोपेत मन पुरीतत् नावाच्या नाडीत शिरते जिथे त्वचा नाही, म्हणून ज्ञान थांबते. शरीररचना म्हणून हे आज कोणी स्वीकारणार नाही. पण जाणीव का थांबते याचे उत्तर देहातल्या एका ठिकाणाकडे बोट दाखवून द्यायचे, ही पद्धत फॉन इकोनोमो यांच्या पद्धतीपासून फार लांब नाही.

औषधांनी या वादात दोन्ही पक्षांना अडचणीत आणले आहे. मिडाझोलामसारखे शामक दिलेला रुग्ण तपासणी चालू असताना डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, हात वर करा म्हटले की करतो आणि नंतर शपथेवर सांगतो की काहीच कळले नाही. अनुभव होता, आठवण साठली नाही. म्हणून न आठवण्यावरून ज्ञानाचा अभाव अनुमानाने काढता येत नाही. हा फटका नैयायिकांना. पण त्याच रुग्णाचे ‘काहीच कळले नाही’ हे वाक्य अज्ञानाच्या अनुभवाची आठवणही नाही, कारण त्या वेळी त्याला कळत होते. हा फटका अद्वैत्यांना. झोपेविषयीची साक्ष जागृतीतच द्यावी लागते आणि मधल्या वाटेत औषध बसलेले असू शकते, हे दोघांच्याही हिशेबात नव्हते.

जागृतीविषयीची साक्षही तितकी भरवशाची नाही. अमेरिकेतल्या आयोवामध्ये वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर चाळीस जणांची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. 50 मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहन चालवणे रक्तात सुमारे 0.1 टक्के मद्य असलेल्या अवस्थेपेक्षाही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर तसे झाले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला किती झोप येते आहे याचा चालकांनी केलेला अंदाज त्यांच्या प्रत्यक्ष चुकांशी फारसा जुळला नाही. मी पुरता जागा आहे, असे म्हणणारा माणूस तसा नव्हता. अद्वैती यावर म्हणतील की मंदावले ते अंतःकरण, साक्षी नव्हे. साक्षी चुका मोजत नाही, तो केवळ प्रकाशतो. उत्तर सुसंगत आहे. त्याची किंमत मात्र जबर आहे. लक्ष, स्मृती, निर्णय, स्वतःच्या स्थितीचा अंदाज, सगळे अंतःकरणाच्या खात्यात गेल्यावर साक्षीच्या वाट्याला ज्याला कोणतेही औषध स्पर्श करू शकणार नाही असे काही उरते. आणि ज्याला काहीच स्पर्श करत नाही त्याच्याबद्दल कोणताही प्रयोग काही सांगू शकत नाही.

मन औषधाने बदलते यात मात्र उपनिषदांना धक्का बसण्यासारखे काही नाही. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाणी पिऊ देतो. सोळाव्या दिवशी श्वेतकेतूला वेद आठवत नाहीत. जेवल्यावर परत आठवतात. मन अन्नमय आहे, असा त्यातून निघणारा सिद्धान्त. बहुतेक भारतीय दर्शनांत मन हे जडच आहे. देह आणि विचार यांना दोन वेगळी द्रव्ये मानणाऱ्या देकार्तच्या परंपरेत 284 वजनाचा एक रेणू विचार कसा थांबवतो, ही मोठी डोकेदुखी होते. इथे ती होत नाही. चार्वाक त्याच्याही पुढे जातात. त्यांचा आवडता दृष्टान्त मद्याचाच आहे: आंबवण्याच्या द्रव्यांत सुटी सुटी मादकता नसते, ती मिश्रणात उपजते, तशी चार भूतांच्या मिश्रणात जाणीव उपजते. लाबोरी यांच्या निरीक्षणापासून क्लोरप्रोमाझिनपर्यंतचा प्रवास चार्वाकांना आपला विजय वाटला असता. रेणूत थोडासा बदल केला आणि झोप आणणाऱ्या औषधातून भ्रम ओसरवणारे औषध मिळाले.

पण एका रेणूला जाणिवेचा सूत्रधार मानणे घाईचे होईल. डायफेनहायड्रामिन दिवसातून दोनदा सलग घेतले तर चौथ्या दिवशी गुंगी जवळजवळ नाहीशी होते, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. निद्रानाशावर ही औषधे फार दिवस उपयोगी पडत नाहीत त्याचे हेही एक कारण. हिस्टॅमिन तयारच होऊ शकत नाही असे उंदीर जनुकीय बदलाने घडवले गेले. तेही जागतात, नव्या जागी सोडल्यावर मात्र त्यांना नेहमीच्या उंदरांसारखे सावध राहता येत नाही. नॉरअ‍ॅड्रेनालिन, ओरेक्सिन, अ‍ॅसिटिलकोलिन अशा अनेक खांबांवर जागेपण उभे आहे. एक काढला तर वास्तू कलते, पडत नाही. चार्वाकांचा मिश्रणाचा दृष्टान्त इथे त्यांच्याच बाजूने अधिक खोल जातो, कारण त्यांनीही कोणत्याही एका घटकात मादकता असल्याचा दावा केला नव्हता.

राहिला आचाराचा प्रश्न. गीतेच्या अठराव्या अध्यायात निद्रा, आळस आणि प्रमाद यांतून येणारे सुख तामस ठरवले आहे, म्हणून झोपेची गोळी घेण्याबद्दल काही भाविकांच्या मनात टोचणी असते. बौद्ध विनयाची भूमिका अधिक नेमकी आहे. पाचव्या शीलाचा आक्षेप मादक पदार्थातून येणाऱ्या बेसावधपणावर आहे. औषध म्हणून तेलात थोडे मद्य मिसळायला बुद्धाने परवानगी दिली, मात्र मद्याचा रंग, वास, चव उमटता कामा नये अशा अटीवर. त्या कसोटीने खाज घालवण्यासाठी रात्री घेतलेले प्रोमेथाझिन निर्दोष ठरते आणि तेच घेऊन गाडी चालवणे सदोष. आयोवाच्या चाचणीने दोष आणखी एक पाऊल मागे नेला आहे: झोप आली असे वाटत नव्हते, ही सबब चालत नाही, कारण ते वाटणेच औषधाने बिघडवलेले असते. जबाबदारी गोळी गिळण्याच्या क्षणाशी जोडावी लागते.

दुसऱ्याने दिलेल्या झोपेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आक्रमक, अनावर झालेल्या 200 मनोरुग्णांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉलबरोबर प्रोमेथाझिनचे इंजेक्शन लोराझेपामच्या तुलनेत पाहिले गेले. दोन्हींनी रुग्ण शांत झाले; प्रोमेथाझिनच्या मिश्रणाने झोप लवकर आली. हॅलोपेरिडॉलने मान आणि जबड्याचे स्नायू आखडतात, तेही प्रोमेथाझिनमुळे टळते. उपचार म्हणून हे उत्तम. पण ही झोप रुग्णाने मागितलेली नसते, आणि त्या क्षणी त्याचे ‘नको’ कोणत्या मनाचे मानायचे हे ठरवणे कठीण असते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला, आपण अशा अवस्थेत सापडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. निवळलेल्या मनाला अनावर मनाच्या वर ठेवणारी ही तरतूद व्यासभाष्यातल्या गुणांच्या क्रमाशी जुळणारी आहे. तरी त्याच कायद्यानुसार तातडीच्या उपचारांना ते लेखी निर्देश लागू होत नाहीत. आणि अनावर रुग्णाला झोपवणारे इंजेक्शन बहुतेक वेळा तातडीच्या घडीलाच दिले जाते.